डाव्या बाजूचा आरसा

दुरुस्ती जाणणाऱ्या माणसाच्या खिशात पाना असतो, पक्कड असते, निदान एखादा स्क्रूड्रायव्हर तरी असतो. किसन वाव्हळ्यांच्या खिशात खडू असायचा. शाळेतला, पांढरा, बहुतेक वेळा अर्धा झालेला. ताडकळसच्या शाळेतल्या मास्तरांना ते सायकलच्या चेनपासून छपराच्या पत्र्यापर्यंत सल्ला द्यायचे आणि मास्तर त्यांना खडू द्यायचे. सल्ल्याबद्दल त्यांनी घेतलेला याहून मोठा मोबदला मी पाहिला नाही.

गेल्या महिन्यात मुलानं नवी गाडी घेतली. तिला दोन्ही बाजूंचे आरसे कारखान्यातूनच लावून आलेत आणि बटण दाबलं की ते कान पाडून बसतात. मुलगा कौतुकानं दोनदोनदा दाखवत होता. मी मान डोलवत होतो, पण डोळ्यांपुढे वाव्हळे होते आणि त्यांचा तो खडू.

मी गुरांचा डॉक्टर. ऐंशी सालाच्या आसपास माझी बदली ताडकळसला झाली. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, मागं राहायचं घर, पुढं लिंबाचं झाड आणि झाडाखाली हँडपंप. वाव्हळे जिल्हा परिषदेकडे हँडपंप दुरुस्त करायला होते. उंच, काटकुळे, पायजमा घोट्याच्या चार बोटं वर. चालताना मान एका बाजूला किंचित कललेली असायची. पंप दुरुस्त करून ते बाजूला झाले की बायका आधी दोन घागरी पाणी तसंच ओतून द्यायच्या आणि मग भरायला लागायच्या. मी एकदा म्हणालो, गंज जायला बरं असतं. वाव्हळे अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाले की हो, गंज जायला पाहिजेच. मला त्यात काही वेगळं ऐकू आलं नाही. मी तेव्हा तिशीतला होतो आणि स्वतःला फार समजूतदार समजत होतो.

त्याच सुमारास मी परभणीच्या एका वकिलाकडून मोटार घेतली. पांढरी, तिसऱ्या हातची. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, उगाच बदनामी नको. दोष कंपनीचा नव्हताच, माझ्या आधीच्या दोन मालकांचा होता. त्यांनी गाडीत इतक्या वायरी ओढल्या होत्या की पुढचं झाकण उघडलं की शेवयांचं पातेलं उघडल्यासारखं वाटे. गाडीची मुख्य खोड अशी, की डावीकडं वळली की हॉर्न आपोआप वाजायचा. उजवीकडं जाताना एकदम शहाणी. आता माझा दवाखाना रस्त्याच्या डाव्या हाताला. म्हणजे रोज सकाळी खेड्यांवरची फेरी करून परतलो की साहेब आल्याची वर्दी सगळ्या गावाला जायची.

एका बाजाराच्या दिवशी मी असाच वाजत आत वळलो. एकानं इंजेक्शनसाठी बैल धरून ठेवला होता. बैल उधळला, मालकाला दहा पावलं ओढत घेऊन गेला आणि रस्त्याच्या कडेला बसलेल्या बाईच्या मिरच्यांच्या ढिगात उभा राहून शिंकायला लागला. बैल शिंकताना मी त्याआधी आणि त्यानंतर पुष्कळ पाहिलेत, पण इतक्या मनापासून नाही. सगळा बाजार हसत होता. वाव्हळे पंपाचा पाइप वर ओढत होते. त्यांनी मान वर न करता मला विचारलं,

"डाक्टरसाहेब, उजवीकडं वळल्यावर वाजंना नं?"

"नाही."

"मंग कुठंतरी तार घासायलीय. कुठं ते तीच सांगती. पाच मिनिटं नुसतं बगा."

या पाच मिनिटांचा मला पुढं फार त्रास झाला. वाव्हळ्यांचा तो पहिला नियम होता. बिघडलेल्या वस्तूपुढं आधी पाच मिनिटं हात मागं बांधून उभं राहायचं. हात शिवशिवले तरी लावायचे नाहीत. मी दीड मिनिटातच पक्कड घेतली. माझी बायको शालिनी तोवर गडबड ऐकून बाहेर आली होती, ती मात्र उभी राहिली. तिनं मला स्टेअरिंग हळूहळू फिरवायला लावलं, खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, ती लाल वायर दांड्याला घासते आहे, तिचं वरचं प्लॅस्टिक निघालंय. वाव्हळ्यांनी मान हलवली. मग सांगितलं, वायरचं टोक सोडा, सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा तिच्यावर ओवा, टोक परत बांधा. अर्ध्या तासात हॉर्न गप्प झाला. मिरच्यांची भरपाई मी केली. शिंकण्याची कोण करणार.

मी मधेच पक्कड त्यांच्यापुढं केली होती. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि म्हणाले, "हात सरकारचा हाय, डाक्टरसाहेब. तोंड तेवढं माझं हाय. ते फुकट."

हे वाक्य गावात सगळ्यांना पाठ होतं. वाव्हळे खाजगी कामाला हात लावत नाहीत, सल्ला देतात, तोही दारात बसून. किराणा दुकानाचा पंखा हेलकावे खात होता तेव्हा त्यांनी रस्त्यावर उभं राहून दुकानदाराला स्टुलावर चढवलं. एक काठी छताला उभी धरायला लावली, पहिल्या पात्याचं टोक काठीवर जिथं येतं तिथं खडूची खूण करायला लावली आणि मग एकेक पातं फिरवून त्याच खुणेशी आणायला लावलं. तिसरं पातं खुणेच्या बोटभर खाली भरलं. ते हातानं वर दाबलं, पंखा सरळ झाला. दुकानदार त्यांना आत बोलवत होता असं मला आठवत नाही. वाव्हळेही आत जायला निघाल्याचं आठवत नाही. सगळ्यांना ती त्यांची सरकारी शिस्त वाटायची, आणि मलाही तसंच वाटणं सोयीचं होतं.

आता जे तेव्हा कुणी मोठ्यानं बोलत नसे ते सांगतो. वाव्हळे बौद्ध. आम्ही पाथरीकडचे, शेतीवाडीवाले. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात जे झालं, त्यात त्यांचं गावाकडचं घर जळालं होतं. त्याबद्दल त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही कडी-कोयंड्याचा विषय निघाला म्हणून. दाराची लोखंडी कडी राखेत सापडली आणि ती त्यांनी जपून ठेवली, कारण तसं लोखंड हल्ली मिळत नाही, असं ते म्हणाले. मला वाटलं लोखंडाबद्दलच बोलतायत.

शालिनीचं आणि त्यांचं मात्र छान जमलं. ते पंपाच्या फेऱ्या करून आठवड्यातून एकदोनदा आमच्याकडे यायचे, पुढच्या दाराच्या डाव्या अंगाला पायरीवर बसायचे आणि ती आत-बाहेर करत प्रश्न विचारायची. नळाचा वायसर कसा कापायचा, स्टोव्हचा पंप हवा का धरत नाही, इस्त्रीची वायर कुठून तुटते. सहा महिन्यांत आजूबाजूच्या बायका माझ्याकडे म्हशी आणि तिच्याकडे स्टोव्ह आणायला लागल्या. तिच्याकडची गर्दी जास्त. तिनं दर वेळी म्हणायचं, मिस्तरी, आत या, खुर्चीवर बसा. त्यांनी दर वेळी म्हणायचं, कपड्याला ग्रीस हाय, वैनी. चहा ते स्वतःच्या पिशवीतल्या ॲल्युमिनियमच्या ग्लासात घ्यायचे. तो ग्लास पंपाचं पाणी गढूळ आहे का ते बघायला सरकारनं दिलाय, असं ते सांगत. सरकार इतकं विचारी कधीपासून झालं, असं शालिनी मला आत येऊन विचारायची.

डाव्या बाजूच्या आरशाचं खूळ त्यांचंच. तेव्हाच्या गाड्यांना बाहेरचा आरसा असला तर ड्रायव्हरच्या बाजूला, एकच. वाव्हळ्यांनी एकदा गाडीला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, डावीकडं बी एक लावा. मी म्हणालो, डावीकडं बघायचं काय? रस्त्याची कडा, गवत, एखादी शेळी.

"तेच की," ते म्हणाले. "उजवीकडचं मोठमोठं असतंय, ट्रक, एष्टी, ते कुनालाबी दिसतंय. डावीकडं सायकलवाला असतंय, चालणारा असतंय. त्यो दिसत न्हाई आन आपल्याला वाटतंय तिथं कोनीच न्हाई."

शालिनीनं आरसा परभणीहून आणवला. आता तो बसवायचा म्हणजे गाडीच्या चांगल्या पत्र्याला भोक पाडायचं. वकिलाला पूर्ण पैसे देऊन झालेल्या गाडीला आपल्या हातानं भोक पाडताना माणसाला काय वाटतं, ते ज्यानं पाडलंय त्यालाच कळेल. मी गिरमिट घेऊन उभा राहिलो तर वाव्हळे पायरीवरून म्हणाले, आधी खडू, मग गिरमिट. मला गाडीत बसवलं. शालिनीनं आरसा दाराला नुसता धरला. कंपाउंडरला डावीकडून चालत जायला सांगितलं, मग सायकलवर, मग वाकून, शेळीच्या उंचीनं. कंपाउंडर नोकरीला लागल्याचा पश्चात्ताप करत तिन्ही वेळा गेला. शेळी दिसेपर्यंत आरसा चार ठिकाणी हलला आणि प्रत्येक ठिकाणी खडूची फुली पडली, पुसली गेली. पाचव्या फुलीवर वाव्हळे म्हणाले, "हां. खडू पुसता येतोय, भोक पुसता येत न्हाई."

भोकं शालिनीनं पाडली. मी हट्टानं स्क्रू आवळायला घेतले आणि पुरुषाची ताकद दाखवायची म्हणून शेवटचा पीळ असा दिला की आटा गेला आणि स्क्रू नुसता गरगर फिरायला लागला. वाव्हळे हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की आवळताना नेहमी अर्धा आटा राखून ठेवावा. पुढंमागं तो स्क्रू कुणालातरी उघडायचा असतो, त्याची आठवण ठेवून आवळावं. मग सुतळीचा धागा स्क्रूला गुंडाळून तो परत कसा बसवायचा तेही सांगितलं. सुतळीवरचा तो स्क्रू पुढं गाडी असेपर्यंत टिकला. माझे बाकीचे अभिमान तितके टिकले नाहीत.

दुसऱ्या वर्षी माझी आई आमच्याकडे राहायला आली. आईला घरात आणि गावात सगळे माय म्हणत. गावी तिचा मोठा बारदाना होता. माणसं, गुरं, सोयरे सगळे तिच्या आवाजावर चालायचे. इथं तिला दोन खोल्या आणि एक सून मिळाली. ती मनानं प्रेमळ होती. गड्याच्या पोरांना तापात रात्ररात्र बसून पाहिलेलं मला आठवतं. पण शिवणं-न-शिवणं तिच्या हाडात होतं, आणि त्याबद्दल कधी विचार करावा असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. मी तिचा शिकलेला मुलगा. हे काम माझं होतं आणि मी ते केलं नाही.

वाव्हळे यायचे, पायरीवर बसायचे, शालिनीला काहीबाही सांगायचे, आपल्या ग्लासात चहा प्यायचे आणि जायचे. ते फाटकाबाहेर गेले की माय तांब्या घेऊन उठायची आणि ते बसले होते तिथं, पायरीवर आणि उंबऱ्यावर, पाणी ओतायची. हळूच, आवाज न करता. शालिनीनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती रडली, दुसऱ्यांदा मायशी भांडली, तिसऱ्यांदा माझ्याशी. मी म्हणालो, म्हातारी आहे, जाऊ दे, त्यांच्यासमोर तर करत नाही ना. हे वाक्य मी बोललो होतो. आज ते लिहून काढताना लाज वाटते, पण ते बोलणारा मीच होतो.

साधारण वर्ष गेलं आणि आमचं पुढचं दार अडकायला लागलं. आधी खाली घासायचं, मग खांद्यानं ढकलावं लागायचं, मग एके सकाळी मी आत आणि पेशंट बाहेर असे अर्धा तास राहिलो. सुतार आला. म्हणाला, पावसानं लाकूड फुगलंय, आणि रंधा मारून गेला. दिवाळीत पुन्हा अडकलं, पुन्हा रंधा. दार एका अंगानं इतकं झिजलं की फटीतून मांजर आत यायला लागलं, आणि तरी ते दुसऱ्या अंगानं अडकतच होतं. ऐन चैत्रात, अंगणातली माती तापून भेगाळलेली असताना, ते एकदा इतकं घट्ट बसलं की आम्ही सगळे मागच्या दारानं बाहेर आलो. सुताराचा पाऊस आता चालणार नव्हता. शालिनी म्हणाली, मिस्तरींनाच विचारायचं.

मी म्हणालो, नको. ती माझ्याकडे बघत राहिली. मग मला कळलं की दार का अडकतंय ते तिला ठाऊक आहे. आणि मलाही ठाऊक आहे.

पण वाव्हळे दुसऱ्या दिवशी आपसूकच आले. दार उघडं टाकलेलं होतं. माय आत, दारापासून चार हातांवर, तांदूळ निवडत बसलेली. त्यांनी नेहमीसारखे हात मागं बांधले आणि उभे राहिले. पाच मिनिटं. मला तीच पाच मिनिटं आयुष्यातली सगळ्यात लांब वाटली. मग ते उकिडवे बसले आणि चौकटीच्या दोन्ही खांबांवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. उजवा खांब खणखणीत बोलला. डावा तळाशी ओल्या पुठ्ठ्यासारखा वाजला. त्यांनी खडू काढला आणि डाव्या खांबावर, जमिनीपासून वीतभर वर, एक रेघ ओढली.

"हितवर पाणी उडायलंय," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "पावसाचं असतं तर दोनी खांब कुजले असते. हे वरून यायलंय. तांब्याभर. रोज न्हाई, आठवड्यातून एकदोनदा."

 मायचा तांदळातला हात थांबला होता.

"आन डावीकडंच," वाव्हळे म्हणाले. त्यांनी त्या पायरीकडं पाहिलं, जिथं ते इतकी वर्षं बसत होते. "ह्या अंगाला कोन बसतंय? मीच बसतो की."

त्यांच्या बोटांत खडू मोडला. त्यांनी दोन्ही तुकडे उचलले, खिशात टाकले आणि मायकडं बघून हसले. ते हसू खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो, आणि तेच मला सोसेना.

"माय, पाणी टाकायला माझी ना न्हाई. तुमचं घर, तुमचं पाणी. पण लाकूड सागवानी हाय, वो. त्याला आधी जवसाच्या तेलाचे दोन हात द्या, मंग टाका. त्याचं काय चुकलंय?"

शालिनी म्हणाली, "चूक आमची आहे, मिस्तरी." मी तेवढंही म्हणालो नाही.  माय उठली आणि आत गेली. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही, जेवलीही जेमतेम.

मला वाटलं वाव्हळे आता येणार नाहीत. ते रविवारी सकाळी आले. सोबत हातभर सागवानी तुकडा होता. त्यांच्या सांगण्याप्रमाणे काम सुरू झालं. कुजलेला भाग वीतभर कापायचा, नवा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडायचा. करवत शालिनीच्या हातात, चौकटीला टेकू द्यायला मी, आणि सूचना बाहेरून. कापायची रेघ आखायच्या वेळी त्यांनी पुन्हा म्हटलं, आधी खडू. स्क्रूच्या वेळी शालिनीनं माझ्या हातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. अर्धा आटा राखून तिनं चारी स्क्रू बसवले.

मग तेलाची वेळ आली, आणि माय आतून बाहेर आली. तिच्या हातात जवसाच्या तेलाची वाटी होती आणि तिच्याच जुन्या लुगड्याचा बोळा. ती उंबऱ्यापाशी खाली बसली आणि नव्या-जुन्या लाकडाला तेल लावायला लागली, गुरांच्या शिंगांना पोळ्याला लावतात तसं, जिरेपर्यंत. वाव्हळे तिच्यापासून दोन हातांवर पायरीवर बसून सांगत होते, सांध्यात जास्त मुरू द्या. ती मुरू देत होती. दुसरा हात झाल्यावर तिनं वर न बघता विचारलं,

"आता पाणी टाकलं तर चालंल म्हनतोस?"

"चालंल की."

"न्हाई टाकनार," माय म्हणाली, आणि वाटी घेऊन आत गेली.

ती त्यांना आत ये म्हणाली, असं लिहायला मला आवडलं असतं. ती म्हणाली नाही. शालिनी म्हणाली, नेहमीसारखी. या वेळी वाव्हळ्यांनी ग्रीसचं कारण दिलं नाही. ते म्हणाले, "चौकट वाळू द्या, वैनी. वल्या लाकडावर घाई करू नये."

त्यानंतर खरोखरच पाणी पडलं नाही. दार इतकं हलकं फिरायला लागलं की वाऱ्यानं आपोआप उघडायचं. वाव्हळे पायरीवर बसत राहिले, माय आत बसत राहिली, आणि मधूनमधून आतून बाहेर प्रश्न जायला लागले. कंदिलाची काच का तडकते. जात्याचा खुंटा का हलतो. उत्तरं बाहेरून आत येत. चौकट वाळत होती म्हणायची. पण ती पुरती वाळायच्या आत माझी बदली झाली आणि आम्ही सामान बांधलं.

आठ-नऊ वर्षं गेली. मी तेव्हा नांदेडकडे होतो. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न एकदाचा मिटला त्या वर्षीची गोष्ट. थंडीचे दिवस होते. मायला घेऊन आम्ही गावी निघालो होतो, त्याच पांढऱ्या गाडीतून. त्या गाडीनं मला म्हातारं केलं, ती स्वतः झाली नाही. ताडकळस जवळ आलं तशी माय मागून म्हणाली, "मिस्तरीकडं थांब. एक विचारायचंय."

वाव्हळ्यांनी गावाच्या कडेला घर बांधलं होतं. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं मोकळं अंगण. भिंतींवर अजून खडूच्या रेघा होत्या, पुढच्या कामांच्या. ते आता निवृत्त झाले होते, केस पांढरे, मान तशीच कललेली. आम्हाला बघून ते अंगणात आले. आत या, असं त्यांनी अगदी साधेपणानं म्हटलं. शालिनी आणि मी नकळत मायकडं पाहिलं.

माय काठी टेकत दारापर्यंत गेली. तिला आता नीट दिसत नव्हतं. सत्तर वर्षं घरात शिरताना जसा उचलला तसा तिनं सवयीनं पाय उंच उचलला, उंबरा ओलांडायला. उंबरा नव्हताच. पाय अधांतरी पुढं पडला, तोल गेला, आणि वाव्हळ्यांनी चटकन तिचं मनगट धरलं.

"दमानं, माय," ते म्हणाले. "हितं काही न्हाई."

तिनं हात सोडवून घेतला नाही. ते तिला तसेच धरून खाटेपर्यंत घेऊन गेले. त्यांच्या बायकोनं, गयाबाईंनी, तांब्याभर पाणी आणि पेला दिला. मायनं पेला उंच धरून वरून पाणी न ओतता, तोंडाला लावून, सगळा संपवला. मग काठीनं दाराकडं दाखवून म्हणाली, "उंबरा का न्हाई बसवलास?"

"कुजतोय वो, माय."

 दाराला एक जुनी, काळी पडलेली लोखंडी कडी होती. मला ती ओळखू आली. मग माय म्हणाली की तिला हेच विचारायचं होतं, तिच्या गावच्या घराचं दार हल्ली अडकायलंय. वाव्हळ्यांनी खिशातून खडू काढून बोटांत धरला आणि चेहरा अगदी गंभीर करून विचारलं,

"तिथं कोन येतंय-जातंय?"

 मग माय हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिला इतकं हसताना मी वडील गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"आता कोनीच येत न्हाई रे," ती डोळे पुसत म्हणाली.

"मंग वाळवी असंल," वाव्हळे म्हणाले, आणि रॉकेलचा बोळा कुठं आणि कसा लावायचा ते सांगायला लागले. शालिनीनं ते सगळं पाठ करून घेतलं. मी खाटेच्या कडेला बसून चहा प्यालो. वाव्हळ्यांनीही प्याला, आमच्यासारख्याच कपातून. तो सरकारी ग्लास कुठं गेला, असं शालिनीनं विचारलं. निवृत्त होताना जमा केला, ते म्हणाले.

निघताना माय दारातून बाहेर आली तेव्हा तिनं पाय उचलला नाही, नुसता पुढं टाकला. वाव्हळे गाडीजवळ आले, डाव्या आरशाला बोटानं जरासा धक्का दिला आणि तो हलत नाही असं बघून समाधानानं मागं झाले. मी गाडी सुरू केली. त्या आरशात ते मला बराच वेळ दिसत होते, बिनउंबऱ्याच्या दारात, हात मागं बांधून, जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकत. पुढं रस्ता डावीकडं वळत होता. हॉर्न आता स्वतःहून वाजत नव्हता, पण त्या वळणावर मी तो मुद्दाम दाबला. माय मागं दचकली आणि मला दोन शिव्या दिल्या. आरशात वाव्हळ्यांनी मान सरळ केली आणि हसत हात वर केला.